चाचणी मेल, कृपया दुर्लक्ष करावे

नाशिककराला पूर मोजायला पट्टी लागत नाही. त्याच्याकडे गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पेपरात क्युसेकचे आकडे छापून येतात. ते आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना फोनवर सांगण्यापुरते वापरतो. घरातला प्रश्न साधा असतो, "कुठवर आलंय?" उत्तरही साधं असतं. "गुडघे बुडाले." "कमरेला लागलं." "छातीपर्यंत आहे." कोणाचे गुडघे आणि कोणाची कंबर, असं विचारणारा माणूस नाशिकचा नव्हे. पाणी गळ्याशी आलं की सराफ बाजारातला माल वरच्या फळीवर चढतो, आणि मारुती दिसेनासा झाला की सगळं गाव छत्र्या घेऊन पुलावर जमतं.

बेंचमार्क हा शब्द पुढे नोकरीत रोज कानावर पडायला लागला, तेव्हा त्याचं मूळ शोधलं. जमिनीची मोजणी करणारे लोक दगडात एक आडवी खूण कोरायचे, तिच्यात लोखंडी कोन बसवायचे आणि त्या बाकावर पट्टी उभी करून उंची मोजायचे. बाक म्हणजे बेंच, खूण म्हणजे मार्क. म्हणजे साहेबाने दगडात नुसती रेघ मारली. आम्ही अख्खा मारुती उभा केला होता.

मी एका शिक्षणसंस्थेत नोकरीला आहे. हुद्द्याचं नाव सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पण संस्थेत मला 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणतात. स्टाफरूममधला पंखा बंद पडला तरी मलाच फोन येतो, कारण तोही विजेवर चालतो. संस्थेच्या शाखा सातपूरपासून पार निफाडपर्यंत पसरलेल्या आहेत आणि मेलची खाती आहेत एक हजार एकशे ऐंशी. जुना मेल सर्व्हर रोज दुपारी वामकुक्षी घ्यायला लागला, तेव्हा नवा घ्यायचं ठरलं. कोटेशनवर सही करताना सचिव साहेबांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला.

"सर, झेपेल ना?"

सर्व्हरच्या क्षमता-चाचणीवर जगात जाडजूड ग्रंथ आहेत. त्या सगळ्यांचा विषय हाच आहे, 'झेपेल ना'.

झेपेल की नाही हे बघायचं कसं? एक हजार एकशे ऐंशी माणसांना "उद्या बरोबर अकराला सगळ्यांनी मेल पाठवा" असं सांगता येत नाही. निम्मे विसरतील, निम्मे "कशासाठी?" म्हणून लेखी विचारतील. म्हणून खोटी माणसं तयार करतात. एक प्रोग्रॅम चालवायचा, तो एकटाच हजार माणसांचं सोंग घेतो. कोणी मेल पाठवतो, कोणी पेटी उघडतो, कोणी जुनं पुसतो. मग कुठल्या क्षणी सर्व्हरला धाप लागली ते घड्याळ लावून पाहायचं.

मेल सर्व्हर ज्या भाषेत बोलतात ती १९८२ साली जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लिहून ठेवली. थोडीफार डागडुजी झाली, पण अजून तीच चालते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, या माणसाने उमेदीची वर्षं आपल्याकडच्या एखाद्या कचेरीच्या खिडकीसमोर काढली असावीत. आलेला म्हणतो, "नमस्कार, मी अमुक." खिडकी म्हणते, "२५०." म्हणजे ठीक. "पत्र तमक्याकडून आहे." "२५०." "फलाण्यासाठी आहे." "२५०." "मजकूर देऊ?" "३५४." म्हणजे बोला, ऐकतोय, आणि बोलून संपलं की एका ओळीवर नुसता एक पूर्णविराम द्या. भाषण संपल्याची खूण म्हणून एकटा पूर्णविराम द्यायची ही सोय आमच्या संस्थेच्या समारंभांत आली असती, तर गॅदरिंगची जेवणं गरम मिळाली असती.

खिडकीची मर्जी नसेल तर आकडे बदलतात. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे काम होणार नाही. ५५० म्हणजे या नावाचं इथे कोणी राहत नाही. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे नंतर या. ४२१, खिडकी सध्या बंद. ४५२, कागद ठेवायला जागा नाही. गंमत अशी की 'नंतर या' म्हटल्यावर मेल खरंच नंतर येतो. थोड्या थोड्या वेळाने चकरा मारतो, चार-पाच दिवस मारतो, आणि मग हताश होऊन पाठवणाऱ्याकडे परत जातो. हे चार-पाच दिवस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

सर्व्हरबरोबर पुण्याहून एक पोरगा आला होता. हुशार, दाढी कोरलेली, चहा बिनसाखरेचा. त्याच्याकडे खोट्या माणसांचा अख्खा संच होता. त्यांचे स्वभाव म्हणे जगभर ठरलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरसाठी लोडसिम नावाचा प्रोग्रॅम होता, त्यात हलका, मध्यम आणि जड असे तीन वाणांचे यूजर मिळत. पुढे स्पेक नावाच्या संस्थेने स्पेकमेल२००१ ही परीक्षा काढली. तिची उत्तीर्ण व्हायची अट मला पाठ आहे: शंभरातल्या ९५ वेळा सर्व्हरने पाच सेकंदांच्या आत उत्तर द्यायचं, आणि शंभरातले ९५ मेल एका मिनिटाच्या आत पेटीत पडले पाहिजेत. उरलेल्या पाचांचं काय, हे कोणी विचारत नाही. मी सांगतो. त्या पाचांतला एक नेहमी सचिव असतो.

पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर वीत्से व्हेनेमा यांनी लिहिला. त्याच्यासोबत दोन छोटी हत्यारं फुकट मिळतात. एकाचं नाव सोर्स, दुसऱ्याचं सिंक. सोर्स नुसते मेल ओतत राहतो. सिंक म्हणजे मोरी. येईल तो मेल घेतो, नम्रपणे "२५०" म्हणतो आणि फेकून देतो. ना वाचणं, ना ठेवणं. पोरगा मला हे मोठ्या कौतुकाने समजावत होता. मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे याला विभाग म्हणतात."

माझी खरी तक्रार खोट्या माणसांच्या वागण्याबद्दल होती. त्यांच्या पत्रिकेत 'थिंक टाइम' नावाचा एक रकाना असतो. मेल वाचल्यावर माणूस काही सेकंद विचार करतो आणि मग उत्तर देतो, असं त्यात गृहीत धरलेलं. "विचार करतो?" मी विचारलं. "हो सर, डिफॉल्ट आहे," पोरगा म्हणाला. मी तो रकाना शून्यावर आणायला सांगितला.

पूर्वी विचार करायला कारण होतं. देशाची पोस्टाची तिकिटं एकेकाळी लंडनहून छापून यायची. १९२५ साली नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षापासून ती आमच्याकडे छापली जाऊ लागली. त्या तिकिटाचं खरं काम पत्र पोचवणं नव्हतंच; पत्र लिहिण्याआधी माणसाला खिशात हात घालायला लावणं, हे होतं. ईमेलला तिकीट नाही. त्यामुळे एकच वाक्य पाच जणांना वेगवेगळं पाठवता येतं आणि सहावा मेल पहिले पाच मिळाले का हे विचारण्यासाठी जातो.

म्हणून मी दोन दिवस वही घेऊन संस्थेत फिरलो आणि पोरग्याला आमचा 'नाशिक प्रोफाइल' लिहून दिला. वाण पहिला: सगळा मजकूर विषयाच्या रकान्यात लिहितो आणि मेल कोरा पाठवतो. वाण दुसरा: मेल पाठवतो आणि लगेच फोन करतो, "मेल टाकलाय, बघा." त्यामुळे समोरचा तेवढ्यासाठी पेटी सात वेळा उघडतो, कारण मेल यायच्या आधी फोन आलेला असतो. वाण तिसरा: २०११ पासून एकही मेल पुसलेला नाही, एकतीस हजार न वाचलेले, आणि "शोधा" वर रोज "पगार" हा शब्द टाकतो. वाण चौथा: एका पानाचं पत्र आधी छापतो, सही करतो, मोबाइलवर तिरका फोटो काढतो आणि तो सहा एमबीचा फोटो जोडतो. मेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांत बदलून न्यावी लागते आणि त्यात ती तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणजे सहाचे आठ होतात. पत्रातला मजकूर: "सोबत जोडलेले पत्र पाहावे." वाण पाचवा: वर्षभर शांत, ३१ मार्चला संध्याकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी जागा होतो.

पाचवा वाण सगळ्यांत घातक, आणि तो सरासरीत कधीच सापडत नाही. सरासरीवर माझा विश्वास सिंहस्थाने उडवला. बारा वर्षांची गर्दी दिवसांत वाटून बघा, रामकुंड कसं मोकळं वाटेल! पण गर्दी पंचांग बघून येते. २०१५ च्या सिंहस्थात पहिली पर्वणी २९ ऑगस्टला होती. त्या दिवशी बंदोबस्त इतका कडक, की भाविकांना मैलोन्‌मैल चालावं लागलं आणि अपेक्षेपेक्षा गर्दी कमीच झाली. मग नियम सैल केले आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला माणसांचा महापूर लोटला. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर पहिली चाचणी यशस्वी झाली, कारण दारच उघडलं नव्हतं. त्याच सिंहस्थाच्या तयारीत एका नाशिककर शाळकरी पोराने रस्त्यावर अंथरायची चटई बनवली होती. तिच्यावर पाय पडला की माणूस मोजला जायचा. मला ती कल्पना फार आवडते. माणसं किती येतील याचा अंदाज बांधण्यापेक्षा चटई टाकून बसावं, पावलं काय ती खरं बोलतील.

पोरग्याला गर्दीचं गणित पटावं म्हणून रविवारी सकाळी मी त्याला मिसळ खायला नेलं. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या माणसाने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलांसाठी जे गणित मांडलं, त्याच घराण्यातलं हे गणित आहे आणि मिसळीला चपखल बसतं. समजा एका मिसळीला सरासरी एक मिनिट लागतं. उसळ, फरसाण, रस्सा, वर कांदा, बाजूला पापड. गिऱ्हाईक कधीही टपकतं. मिसळवाला निम्मा वेळ मोकळा असेल, तर दुकानात शिरल्यापासून मिसळ हातात पडेपर्यंत सरासरी दोन मिनिटं लागतात. शंभरातली ९० मिनिटं तो कामात असेल तर दहा मिनिटं. ९५ असेल तर वीस. आणि ९९ असेल तर शंभर मिनिटं! म्हणजे नव्वदावर गिऱ्हाईकं फक्त एक दशांश वाढली, पण वाट बघणं दहापट झालं. मिसळवाला तोच, हात तेवढेच वेगाने चालताहेत, तरी लोक म्हणतात, "हल्ली सर्व्हिस ढिली झाली."

"आता तुझी खोटी माणसं बघ," मी म्हटलं. "ती फार संस्कारी आहेत. पहिल्याला मिसळ मिळेपर्यंत दुसरं मागत नाहीत. आचारी अडकला की तीही थांबतात, घड्याळही थांबवतात, आणि शेवटी अहवाल देतात की वाट फारशी पाहावी लागली नाही." समोर फुटपाथवर तीसेक माणसं आपला नंबर कधी पुकारतात म्हणून आत डोकावत होती. त्यांच्यातलं कोणीही, आधीच्याची प्लेट येईपर्यंत घरी थांबलं नव्हतं. पोरगा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, अजून एक पाव सांगू?"

पुढच्या शनिवार-रविवारी चाचणी झाली. नाशिक प्रोफाइलचे हजार खोटे यूजर दोन रात्री सर्व्हरवर तुटून पडले. त्यांनी लाखो मेल पाठवले, तिरके फोटो जोडले, ३१ मार्च चार वेळा साजरा केला. सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. ९५ टक्के उत्तरं दोन सेकंदांच्या आत. पोरग्याने रंगीत आलेख छापून दिले, सचिव साहेबांनी पेढे मागवले, सगळ्यांची खाती नव्या सर्व्हरवर चढली आणि पोरगा पुण्याच्या गाडीत बसला.

सोमवारी सकाळी दहा चाळीसला मला एक बारीकसं काम आठवलं. आमच्या विभागातल्या पाच जणांचा एक ग्रुप होता, तो नीट चालतोय का हे बघायचं राहिलं होतं. मी एक मेल लिहिला. विषय: "चाचणी". मजकूर: "कृपया दुर्लक्ष करावे." ग्रुपचं नाव टाकलं आणि पाठवला. खाती चढवताना त्या ग्रुपात पाचाऐवजी एक हजार एकशे ऐंशी माणसं शिरली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अकरा वाजता माहीत झालं.

पहिलं उत्तर आलं, "मिळाला, धन्यवाद." सर्वांना. दुसरं, "मला मेल मिळालेला नाही," त्याच मेलला उत्तर म्हणून, सर्वांना. इथवर जगात कुठेही घडलं असतं. पण आमची शिक्षणसंस्था आहे, आणि आमच्याकडे चाचणी या शब्दाला एकच अर्थ आहे. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "चाचणी कोणत्या इयत्तेची? वेळापत्रक प्राप्त नाही." दुसऱ्यांनी कडक शब्दांत कळवलं, "चाचणीकडे दुर्लक्ष करणे विद्यार्थी हिताचे नाही. या धोरणाचा आम्ही निषेध करतो." त्याला एकोणीस जणांनी "सहमत" म्हटलं. चौदा जणांनी "कृपया सर्वांना उत्तर देऊ नये" असं सर्वांना कळवलं. एका शाखेतल्या तत्पर बाईंनी, कोणी मागायच्या आत, सातवीच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका जोडून पाठवली. फोटो तिरका होता. सहा एमबी.

आता हिशोब करा. प्रत्येक उत्तर म्हणजे एक हजार एकशे ऐंशी मेल. चाळीस उत्तरं म्हणजे सत्तेचाळीस हजार दोनशे. प्रश्नपत्रिका फुगून आठ एमबीची झाली; एक हजार एकशे ऐंशी पेट्यांत ती पोचवायची म्हणजे साडेनऊ जीबीच्या आसपास. एवढं तरी सर्व्हरने सोसलं असतं. पण परीक्षा विभागाने सर्वांना लिहिलं, "सदर प्रश्नपत्रिका गोपनीय असून कोणीही उघडू नये." त्याक्षणी सातपूर ते निफाड सगळ्यांनी ती एकदम उघडली. साडेअकराला सर्व्हर ४२१ म्हणाला. खिडकी बंद.

फोन सुरू झाले. वाण दुसरा, "मेल टाकलाय, बघा." सचिव साहेब स्वतः खाली आले. त्यांनी सर्व्हरच्या खोलीत येऊन लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "परवा हजार माणसं झेपली म्हणालात."

"साहेब, ती खोटी होती."

"मग खऱ्यांवर चाचणी का नाही केली?"

"तीच चालू आहे साहेब."

घरी गेल्यावर मी इतरांच्या दुःखात दिलासा शोधला. १९९७ साली खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये हेच झालं होतं. 'बेडलॅम डीएल३' अशा नावाच्या एका यादीत हजारो कर्मचारी होते. एकाने विचारलं, मी या यादीत का आहे? मला काढा. मग बाकीचे "मलाही" म्हणू लागले, सर्वांना. एक्सचेंज विकणाऱ्या कंपनीचे स्वतःचे एक्सचेंज सर्व्हर गुदमरले. हलका, मध्यम आणि जड यूजर ज्यांनी घडवले, त्यांच्याच घरात "मलाही" म्हणणारा यूजर निघाला, आणि त्याचा वाण कुठल्याच संचात नव्हता. असतोही कसा? खोटा माणूस घडवणारा स्वतःवरून माणूस घडवतो, आणि स्वतःला तो शहाणा समजतो.

गुरुवारपर्यंत लाटा येत राहिल्या. चार-पाच दिवस लक्षात ठेवा म्हटलं होतं ते याचसाठी. ज्यांना सोमवारी 'नंतर या' सांगितलं होतं, ते मेल नेमाने चकरा मारून आत शिरत होते. त्यामुळे बुधवारी निफाडच्या सरांना 'चाचणी' मिळाली आणि त्यांनी ताज्या दमाने विचारलं, "कोणत्या इयत्तेची?"

मी दोन गोष्टी केल्या. मोठ्या ग्रुपवर मेल टाकायचे अधिकार तिघांपुरते ठेवले. आणि सर्व्हरच्या खोलीतल्या फळ्यावर त्या सोमवारच्या रांगेची उंची मोजून एक आडवी रेघ ओढली, खाली मारुतीचं चित्र काढलं. पुण्याचे रंगीत आलेख फाइलला आहेत. सचिव साहेब आता मिनिटाला किती मेल वगैरे विचारत नाहीत. महिन्यातून एकदा जाता जाता म्हणतात, "सर, कुठवर?" मी म्हणतो, "गुडघ्यापर्यंत, साहेब." ते निर्धास्त होतात. ३१ मार्चला छातीपर्यंत आलं होतं, तेव्हा ते घरी जायचे थांबले.

परवा आवक-जावकच्या भाऊंनी मला बोलावलं. त्यांनी त्या सोमवारी माझा मेल रीतसर छापून घेतला होता. त्यावर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. नोंदवहीत विषयाच्या रकान्यात "चाचणी", आणि अपेक्षित कार्यवाहीच्या रकान्यात "दुर्लक्ष करणे". प्रकरण निकाली निघालेलं नसल्यामुळे ते दर महिन्याच्या प्रलंबित यादीत येतं, आणि वरून खुलासा मागतात.

"मग काय लिहिता तुम्ही?" मी विचारलं.

भाऊंनी वही माझ्याकडे फिरवली. सुवाच्य निळ्या अक्षरात लिहिलं होतं, "दुर्लक्ष करण्याची कार्यवाही सुरू आहे."